विरजणाचे वाल

भागीच्या शेतात आज गावाची पोपटी लागणार होती, आणि द्रुपदाबायचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. अंगणात गेली, परत आली. चूल पेटवली, चहा न टाकताच विझवली. शेजारणीनं "काय करता?" विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणून मोकळी झाली. शेवटी दुपार कलल्यावर पदर खोचला, जुनं मडकं कमरेवर घेतलं आणि आपल्या शेताची वाट धरली.

"गावाची पोपटी तिकडं लागो, नाहीतर चंद्रावर लागो," वाटेत कुणी न विचारताच ती म्हणाली. "माझी पोपटी माझ्या शेतात."

पोपटी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी थंडीत एकदा आमच्या खारेपाटात येऊन जावं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, मधे मसाला लावलेली कोंबडी, अंडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढ्याचा, काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात, आणि वाफेला बाहेर पडायला वाट ठेवायची नाही हेच तर त्यातलं कसब.

सासू वारल्यापासून कुरूळपाड्याची ही पोपटी द्रुपदाबाय घरतच्याच शेतात लागत आली होती. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही भातलावणीचे दिवस सोडून. पण कुणाच्या लग्नाला किती तांदूळ भिजवायचे इथपासून कुणाचा बांध कुठं सरकला इथपर्यंत गाव तिलाच विचारत आलं. "घरतांच्या वालात अळी दाखवा, मी नाव बदलीन," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि शेंग सोलून बघायची कुणाची छाती नव्हती. तोंड असं, की ती समोरून येताना दिसली तर सरपंच बांध बदलायचा.

असा हा मान धाकट्या जावेकडे, भागीकडे गेला, त्याला कारण घरचीच सून. आणि सुनेचं विरजण.

मडकं भरून होतंय तोवर बांधावर चाहूल लागली. बाळाराम. धाकटा दीर, भागीचा नवरा.

"वयनी, एकट्याच?"

"का, वाजंत्री लावू? तू इकडं कसा? तुझी बायको तिकडं मांडव घालून बसलीय."

"तिला सांगितलं, पेंढा आणायला जातो."

"पेंढा आणायला बाटली लागते का रं?"

बाळारामनं ताडीची बाटली मागं लपवली, मग हसला आणि खाली बसला. पोपटीचा जाळ लावावा तर त्यानंच. दोन घरांच्या चुली वेगळ्या होऊन किती वर्षं झाली, पण वहिनीच्या हातच्या मसाल्यासाठी तो बायकोशी खोटं बोलत आला होता. त्यानं मडकं उपडं घातलं, पेंढा रचला, काडी लावली.

"यंदा शेंग काय भरलीय," तो एक शेंग चाचपत म्हणाला. "एक अळी नाय. एक भोक नाय. ओवीनं नाव काढलं, वयनी."

"नाव तिचं. घाम माझा."

पण बोलताना तिची छाती फुगली होती, आणि ते बाळारामला दिसलं होतं.

ओवी अमरावतीची. मुलगा मयुरेश जहाजावर, सून पुण्याच्या प्रयोगशाळेत, आणि सासू शेतात, असा तो संसार. लग्न होऊन आली तेव्हा द्रुपदाबायनं पहिल्यांदा विचारलं होतं, "तू नेमकं करतेस काय गो?" तेव्हा ओवीनं वालाचं एक रोप मुळासकट उपटून तिच्यापुढं धरलं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या गाठी होत्या.

"आई, या गाठींत जिवाणू राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते घेता येत नाही. जिवाणू ते पकडून झाडाला देतात. झाड त्यांना साखर देतं, राहायला जागा देतं."

"म्हणजे भाडेकरू."

"हो. आणि माझे भाडेकरू नेहमीच्या दुप्पट भाडं देतात."

पुढची गोष्ट द्रुपदाबायला जास्त आवडली. नत्र हाताशी खेळू लागलं की रोप नुसतं हिरवंगार होऊन बसत नाही. त्या नत्रातलं काही ते विष करायला वापरतं. विष तयार ठेवलं तर रोपच मरेल, म्हणून त्याचे दोन भाग दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतं. अळीनं चावा घेतला की मधली भिंत मोडते, दोन भाग एकत्र येतात आणि कडू वायू सुटतो. अळी दुसरा घास घेत नाही. साध्या वालातही हे असतं, पण चिमूटभर, अळीला ते चटणीसारखं. ओवीनं असे जिवाणू वाढवले होते की शेंगेच्या सालीपर्यंत हे विष ठासून भरावं. कीडनाशकांच्या फवाऱ्यांवर सरकारची बंदी येऊन बराच काळ झाला होता. मधमाश्या संपल्या, खाडीतली मासळी संपत आली, तेव्हा कुठं ती आली. पण बंदी आल्यावर अळ्यांना रान मोकळं मिळालं आणि देशभरची कडधान्यं पोखरून निघाली. त्यामुळं ओवीच्या काळ्या भुकटीकडं बड्याबड्यांचे डोळे लागले होते. गुळाच्या पाण्यात भुकटी कालवायची, बियाण्याला चोळायची, सावलीत सुकवून पेरायचं. गावानं तिला नाव दिलं, विरजण.

गेल्या वर्षी चाचणीसाठी कोकणातल्या आणखी काही गावांबरोबर सगळ्या कुरूळपाड्यानं विरजण लावलं. एकट्या द्रुपदाबायनं लावलं नाही. "माझ्या वालाला दुसऱ्याच्या विरजणाची गरज नाय," म्हणाली.

आणि मग गावभरचे पतंग अंडी घालायला जागा शोधत हिंडले, तेव्हा त्यांना एकच गोड शेत सापडलं. साऱ्या शिवारातली अळी द्रुपदाबायच्या दारात जेवायला आली. शेंगा नव्हे, चाळण्या. नळावर, सगळ्या बायकांदेखत, भागी म्हणाली होती, "आमच्या अळ्या तुमच्याकडं पाहुण्या आल्यात हो जाऊबाय, नीट सरबराई करा." त्या दिवसापासून दोघींत बोलणं बंद.

चाचणीच्या पिकातली एक शेंगही खायची नाही असा नियम होता. दाणा न् दाणा प्रयोगशाळेत गेला. त्यामुळं गेल्या थंडीत गावात पोपटी लागलीच नाही. यंदा खायची परवानगी मिळाली, द्रुपदाबायनंही मुकाट्यानं विरजण लावलं, आणि पहिल्या पोपटीचा मान गावानं, सगळ्यांत आधी विरजण लावणाऱ्या भागीला दिला. उद्या सकाळी मोठ्या समितीची बैठक होती. तिथं शिक्का बसला की ओवीचं विरजण देशभर जाणार होतं. सहा वर्षं त्या पोरीनं यावर घातली होती, मूल लांबवलं होतं. त्यावरून द्रुपदाबायनं तिला काय काय ऐकवलं नव्हतं! पण उद्याचा दिवस उजाडला की पहिला पेढा स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घालायचा, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. ते कुणाला सांगायचं काम नव्हतं.

बाळारामनं मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र झालं.

"झाली, वयनी."

काठीनं मडकं कलतं करून त्यानं तोंडावरचा पाला ओढला. वाफेचा लोट आला. पहिला वास घ्यायचा मान घरमालकिणीचा, म्हणून द्रुपदाबाय वाकली.

भांबुर्ड्याचा वास आला, ओव्याचा आला. आणि त्यांच्या पाठीमागून आणखी एक वास आला, कडू बदाम ठेचावा तसा. डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं. ती दोन पावलं मागं सरली.

"हा कसला रं वास?"

"कसला? पोपटीचा." बाळारामनं मडक्यात तोंड घातलं, मूठभर शेंगा काढल्या आणि चोखायला सुरुवात केली. "काय वयनी, दोन वर्षांनी पोपटी आणि नाक मुरडता?"

तिनं एक शेंग सोलली, दाणा जिभेवर ठेवला आणि थुंकला. कडवा वाल कडवट असतोच, पण हा कडवटपणा जिभेला बोचत होता. बाळाराम खात होता. एका हातानं बाटली, दुसऱ्या हातानं शेंगा, मधेच कोंबडीची तंगडी. "ओवीच्या भुकटीचा वास असंल," ती स्वतःशीच म्हणाली, "नाहीतर तिच्या त्या शांपूचा. पोत्याला लागला असंल."

मग बाळाराम थांबला.

"वयनी, तोंड बधिर झालंय."

"पी आणखी."

"चक्कर येतेय... धाप..." तो बांधाला टेकला. तोंड लालबुंद झालं, श्वास धावल्यासारखा चालू झाला, आणि तो भडाभडा ओकला.

द्रुपदाबायनं आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ताडीचा केला, ताडी काढणाऱ्याचा केला. त्याला मडक्यापासून ओढून वाऱ्यावर नेलं, पाणी मारलं. आणि मागं वळून बघते तर चोखून टाकलेल्या शेंगांवर एकही माशी नव्हती. पोपटीचं मडकं उघडलं की मुंग्यांची रांग माणसांच्या आधी पोचते. आज रांग आली होती, पण सालींपासून वीतभर लांबून वळसा घालून कोंबडीच्या हाडाकडं चालली होती.

तिच्या अंगावर काटा आला. तिनं फोन काढून सुनेला लावला.

"ये. आत्ता. तुझं सामान घेऊन ये."

शेंगांचे नमुने घ्यायला ओवी या आठवड्यात गावातच होती; ती स्कूटरवरून आली. बाळारामकाकांना बघितलं आणि आधी आरोग्य केंद्राची गाडी बोलावली, मग विचारलं, "काय खाल्लं?"

"पोपटी. आणि ताडी. तुला वास येतो का बघ, त्या मडक्याजवळ."

ओवीनं लांबून हुंगलं. "मसाल्याचा येतोय."

"बदामाचा? कडू?"

ओवी जागच्या जागी थांबली. "आई, मडक्यापासून लांब या. मला तो वास येणार नाही. काही माणसांना तो जन्मतःच येत नाही, त्यातली मी एक. तुम्हाला येतो?"

"मला येतो म्हणजे काय, अजून घशात हाय."

ओवीनं पिशवीतून काडेपेटीएवढं यंत्र काढलं. शेतात पानांचा वायू मोजायला ती ते वापरायची. प्रयोगशाळेत त्याला 'नाक' म्हणायचे. लांब काठीला बांधून तिनं ते मडक्याच्या तोंडाशी धरलं. फोनवरचा आकडा चढत गेला, मग तांबडा झाला, मग यंत्र शिट्टी वाजवू लागलं.

"सायनाइड," ओवी म्हणाली. आवाज असा, की जणू दुसरंच कुणी तिच्या तोंडून बोललं. "पण आम्ही शंभरदा तपासलं होतं. भिजवलेला वाल, मोड आणून सोललेला, बिरडं, भाजी. पाण्यात उतरतं, उघड्या पातेल्यात वाफेबरोबर उडून जातं. काही उरत नाही. मी तुम्हालाच विचारून यादी केली होती, आई. वाल कसाकसा खातात म्हणून."

"सांगितलं की. बिरडं सांगितलं, उसळ सांगितली..."

"पोपटी नाही सांगितलीत."

"पोपटी हे काय जेवण हाय?" द्रुपदाबाय फाटकन म्हणाली. "पोपटी म्हणजे रानातली मजा. जेवणात कोण धरतो? आणि तू चार थंड्या बघितल्यास की या घरात. तुला दिसली नाय?"

"मला वाटलं पोपटी म्हणजे कोंबडी!" ओवी ओरडली. "मी खात नाही म्हणून तुम्ही मला तिकडं फिरकू दिलं नाहीत. 'तू घासफूस खा' म्हणालात. मला कुणी सांगितलंच नाही की त्यात मुख्य शेंगा असतात!"

द्रुपदाबायनं बाळारामच्या तोंडावर पुन्हा पाणी मारलं.

ओवी मडक्याकडं बघत बोलत राहिली, स्वतःला समजावल्यासारखी. "कच्ची शेंग हळूहळू तापते. दोन्ही कप्प्यांच्या भिंती विरघळतात. वायू सुटतो, आणि मडकं बंद. जायला जागाच नाही. सगळा आत कोंडतो. आणि उघडताना माणूस वाकून तोंड आत घालतो."

गाडी आली. परिचारिकेनं बाळारामला प्राणवायू लावला, यंत्रावरचा आकडा विचारून घेतला. "ओकले म्हणून निभावलं," ती म्हणाली. "आणि उघड्यावर होते म्हणून." गाडी गेली.

दिवस खाडीकडं उतरला होता. पलीकडच्या शिवारातून कर्ण्यावरची गाणी ऐकू येत होती. भागीचं मडकं म्हणजे रांजणच. सकाळपासून गाव त्याचंच कौतुक करत होतं. द्रुपदाबायनं भागीला फोन लावला. नाव बघून भागीनं तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

"चल," द्रुपदाबाय म्हणाली.

ओवी बांधावर बसली होती. उठली नाही.

"आई, उद्या सकाळी बैठक आहे."

"ठाऊक हाय."

"आज हे गावात बोललं की रात्रीत सगळीकडं जाईल. उद्या शिक्का बसणार नाही. दोन वर्षं, तीन वर्षं, कदाचित कधीच नाही." ती मान वर न करता बोलत होती. "आपण दुसरं काही सांगू. कोंबड्यांना रोग आलाय म्हणू. आजची पोपटी टळेल. बैठक झाली की मी आठवड्यात स्वतः नियम बदलून घेईन. पाकिटावर लिहीन, मडक्यात भाजू नये."

द्रुपदाबायला मोह झाला नाही असं म्हणता येणार नाही. बाळाराम ताडीनं पडला, कोंबडी खराब होती. गावाला दोन्ही पटलं असतं. सुनेचा शिक्का वाचला असता, घरतांचं नाव वाचलं असतं, आणि भागीच्या दारात जायचं संकट टळलं असतं. ती क्षणभर खरंच त्या वाटेनं चालून बघू लागली, आणि एकदम थबकली.

"कोंबडी खराब म्हटलं तर काय करतील ठाऊक हाय तुला?"

"काय?"

"कोंबडी काढून टाकतील नि शेंगा खातील. पोरांना आधी देतील, शेंगा चांगल्या म्हणून."

ओवीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. द्रुपदाबाय तिच्याकडं बघत उभी राहिली. पाठीवर हात फिरवावा असं तिला वाटलं, पण तो हात कसा फिरवायचा ते इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना शिकवलंच नव्हतं. ती म्हणाली, "रडायचं तर चालता चालता रड. मला ते यंत्र वाचता येत नाय."

ओवी उठली.

भागीच्या शेतात जत्रा होती. रांजणाभोवती जाळ भडकलेला, पोरं त्याच्या उबेला दाटीवाटीनं बसलेली, म्हातारे खाटांवर, बायका केळीची पानं मांडताहेत. नवी पैठणी नेसलेली भागी मधे उभी होती.

"या जाऊबाय!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "राहवलं नाय ना? बसा, पहिलं पान तुमचं. मी काय तुमच्यासारखी मनात ठेवणारी नाय."

"भागे, पोरं मागं घे. मडक्यात विष हाय."

गाणं कुणीतरी बंद केलं. मग भागी हसली.

"विष? विरजण तुमच्या सुनेचं. बियाण्याला चोळून दिलं तुमच्या सुनेनं. तेव्हा अमृत होतं ते! आज माझ्या शेतात पोपटी लागली तर त्याचं विष झालं?"

"काकी, त्या खरं सांगतायत," ओवी पुढं झाली. तिनं सगळं सांगितलं. वाल, मडकं, कोंडलेला वायू. "चूक माझी आहे. मी बिरडं तपासलं, पोपटी तपासली नाही. बाळारामकाका आरोग्य केंद्रात आहेत. त्यांनी आमच्या मडक्यातल्या शेंगा खाल्ल्या."

"कुठं आहेत? ते तर पेंढा..." भागीचा चेहरा उतरला आणि लगेच पेटला. "तुमच्या शेतात? तुम्ही खायला घातलंत माझ्या नवऱ्याला? मान गेला म्हणून माणूस मारायला निघालात?"

"अगो, ठीक हाय तो..."

"बाटलीनं पडला असंल," खाटेवरून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. कुणी म्हणालं, "दोघी सासू-सुना मिळून आल्यात, काहीतरी असंल." कुणी म्हणालं, "दोघी मिळून आल्यात म्हणजेच कट हाय, एरवी कधी पटतं का त्यांचं?" एका बाप्यानं रांजणावर पाणी शिंपडलं. चर्र झालं.

"झाली! झाली!" पोरं ओरडली आणि दाटी आणखी पुढं सरकली. बाप्यानं काठी उचलली.

द्रुपदाबायचा हात बाजूच्या कुदळीकडं गेला. एका घावात रांजण फोडला असता तिनं. ओवीनं तिचं मनगट धरलं. "फोडू नका आई! उघडलं की सगळा वायू एकदम बाहेर येईल, आणि पोरं तिथंच आहेत. तो बंदच राहिला पाहिजे. आधी माणसं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्यांनी ऐकलं पाहिजे."

ऐकलं पाहिजे. आणि या गर्दीनं आज ज्या एका बाईचं ऐकलं असतं ती पैठणी नेसून समोर उभी होती.

देवापुढं आणि भातलावणीला सोडून द्रुपदाबाय घरत कुणापुढं वाकलेली कुरूळपाड्यानं पाहिली नव्हती. नवऱ्याच्या तेराव्याला भाऊबंद शेत मागायला आले तेव्हाही ताठ बसून होती. ती पुढं झाली, साऱ्या गावादेखत गुडघे टेकले आणि आपल्याहून बारा पावसाळे लहान असलेल्या धाकट्या जावेच्या पायांवर डोकं ठेवलं.

भागी किंचाळली. "आवो! काय करता! थोरल्या तुम्ही! पाप लावता का मला?"

"लागू दे पाप. पोरं मागं घे."

"उठा आधी!"

"तू पोरं मागं घेतल्याशिवाय नाय. मान तुझा. पुढल्या साली तुझा, त्याच्या पुढल्या साली तुझा. मी कधी मागणार नाय. तुला मला शिव्या द्यायच्या तर उद्या दारात येऊन दे, मी ऐकून घेईन. आज त्या मडक्याचं तोंड उघडू नको, भागे."

भागीनं खाली बघितलं. पांढऱ्या केसांचा तो अंबाडा आपल्या पायांवर बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मस्करी करायला, काटा काढायला, कट करायला ही बाई काय वाटेल ते करील. हे करणार नाही, हे भागीइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ए!" ती वळून गरजली. बाप्याच्या हातातली काठी तिनं हिसकून घेतली. "सरा मागं! सगळी! पोरांना उचला गो, बघता काय? कुणी मडक्याला हात लावला तर तंगडी मोडीन!"

गाव मागं सरकलं. ओवी वाऱ्याकडं बोट दाखवत होती, बायका पोरांना काखेत मारून बांधावरून पळत होत्या, खाटा तशाच उचलल्या जात होत्या. जाळ एकटाच रांजणाभोवती जळत राहिला. ओवीनं जाताना काठीला बांधलेलं 'नाक' रांजणापाशी रोवून ठेवलं. थोड्याच वेळात तोंडाचा पाला करपून आकसला, वाफ बाहेर फुटली आणि मागं राहिलेलं ते यंत्र रिकाम्या शेतात शिट्टी वाजवू लागलं. मग कुणी हसलं नाही.

वरच्या बांधावर भागीनं दवाखान्यात फोन लावला. नवऱ्याचा आवाज ऐकला, त्याला पेंढ्यावरून चार शिव्या घातल्या आणि रडली. मग द्रुपदाबायला शोधत परत खाली आली. द्रुपदाबाय अर्ध्या वाटेत मातीत बसली होती.

"द्या हात," भागी म्हणाली. "आणि उद्या गावभर सांगू नका, भागीनं पाया पडून घेतलं म्हणून."

"सांगणारच," द्रुपदाबाय म्हणाली आणि हात दिला.

बांधावर, सगळ्यांच्या समोर, ओवी समितीच्या प्रमुखांशी बोलत होती. लपून बोलायला तिनं जागा शोधली नाही. "नाही सर, बैठक पुढं ढकलू नका. अर्ज मी मागं घेते. हो, विचार करून बोलतेय. एक माणूस दवाखान्यात आहे. ज्या ज्या गावांत चाचणीचं बियाणं गेलंय तिथं आज रात्रीच कळवायला हवं, कोकणभर हा हंगाम आहे... हो सर. सहा वर्षं. मला ठाऊक आहे किती वर्षं ते." तिनं फोन ठेवला. मग पुन्हा उचलला, आणि एकेका गावाला कळवायला बसली. शेवटचा फोन होईतो पूर्ण अंधारलं होतं.

ती आली आणि सासूशेजारी मातीतच बसली. रडत नव्हती. अंगात काही शिल्लकच नसल्यासारखी बसली.

"आई, सगळं गेलं."

पलीकडं पोरांनी गोंधळ मांडला होता. पोपटीच्या आशेनं दुपारपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. एक भोकाड पसरलं होतं, एक आईचा पदर ओढत होतं, दोघं एका केळ्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. भागी कुणाच्या तरी घरून भाकऱ्या मागवत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

"ऐकतेस?" द्रुपदाबाय म्हणाली.

"काय?"

"भुकेनं बोंबलतायत."

ओवी ऐकत राहिली. द्रुपदाबायनं हात उचलला, मधेच थांबवला, आणि मग तो सुनेच्या पाठीवर ठेवला, जड आणि अवघडलेला.

"बोंबलू देत," ती म्हणाली.